नजर ठरण्याची जागा

बागेत नजरेला टेकायला एकच जागा असावी, असे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगतो. दोन झाल्या, की नजर भटकत राहते; तिच्यामागे माणूसही. व्हरमाँटमधल्या त्या तळ्याकाठच्या घरी मला बोलावले होते ते याच कामासाठी.

आर्डिथ कोल्बी दिवसभर स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या असत. समोर हिरवळ, तिच्या टोकाला देवदारांचे कुंपण आणि कुंपणात एक खिंडार. गेल्या मार्चमध्ये त्यांचे यजमान एव्हरेट त्याच खिंडारातून गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला गेले. बर्फ खचला. तळ्याने त्यांना परत दिले नाही.

"पहिला बर्फ पडेपर्यंत हिनं ही खिडकी सोडली नाही, तर मी घर विकून हिला माझ्याकडे नेणार," आर्डिथबाईंचे धाकटे भाऊ मर्ल मला म्हणाले. "काहीतरी असं मांडा, की ताई त्या भोकाकडे बघणं विसरेल."

"मी इथेच आहे, मर्ल. बहिरी झाले नाही अजून."

"बहिरी नाहीस. हट्टी आहेस."

मी पक्ष्यांसाठी दगडी कुंड सुचवले. त्याची जागा घरात राहणाऱ्यानेच ठरवायची असते. रोज पाहायचे त्यालाच. मी बांबू घेऊन खिंडाराशी उभा राहिलो, आर्डिथबाई खिडकीत. काचेतून आवाज पोचत नाही, म्हणून खुणा ठरल्या: बोटे वळवली, की पुढे ये, दोन्ही तळहात उभे केले, की थांब, इथेच.

मला कुंड बाजूच्या सफरचंदाखाली हवे होते. त्यांची बोटे मात्र मला खिंडारापासून सरळ रेषेत, सावकाश, घराकडे बोलावत राहिली. त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या. माझ्या खांद्याशेजारी पाहत होत्या. हिरवळीच्या मध्यावर तळहात उभे राहिले.

मी वाद घातला नाही. मला तो कधी जमत नाही. कुंड बसवले, कुंपणापासून तिथवर खडीची वाट टाकली आणि संध्याकाळच्या आत खिंडारात देवदाराची दाट रोपे लावून ते बंद केले.

उपाय लागू पडला. त्या खिडकीतच उभ्या असत, पण आता गुणगुणत. मर्ल खूश होते. "माळीबुवा, जादू केलीत. काल चक्क केक भाजला तिनं. करपवला, पण भाजला."

मला मात्र चैन पडेना. कोरड्या हवेतही कुंडामागची खडी ओली असे. तिला तळ्याच्या गाळाचा वास येई. नोव्हेंबरात पुन्हा गेलो तेव्हा तो ओलावा कुंडाला भिडला होता.

"पक्षी येतात का?" मी विचारले.

"पक्षी? छे. ते कशाला येतील आता?" आर्डिथबाई बश्या विसळत राहिल्या. "एव्हरेट आधी कुंपणापलीकडेच असायचा रे. तोंड दिसायचं नाही. तू त्याला आत घेतलंस आणि मागचं बंद केलंस. आता रोज थोडा पुढे येतो."

काम संपल्यावर नजर ठरते त्या जागी उभे राहून घराकडे एकदा वळून पाहायचे, हा आम्हा माळ्यांचा रिवाज. तो राहून गेला होता. मी बाहेर आलो आणि कुंडाशी जाऊन उभा राहिलो.

आभाळ खाली उतरले होते. खिडकीत त्या होत्या.

त्यांची बोटे वळली.

मी एक पाऊल पुढे टाकले. त्यांनी मान हलवली. मी नव्हे.

मागे खडी वाजली.

पुन्हा बोटे वळली. पुन्हा खडी वाजली, जवळ.

मग दोन्ही तळहात उभे राहिले, आणि आवाज माझ्या खांद्याशी थांबला.

बर्फ पडू लागला, वर्षातला पहिला. हिरवळीवर, कुंडावर, माझ्या बाह्यांवर. माझ्या शेजारी, माणसाच्या रुंदीएवढ्या जागेत, तो जमिनीपर्यंत पोचत नव्हता.

मी वर पाहिले. भावाच्या अटीप्रमाणे आर्डिथबाईंनी खिडकी सोडली होती.

मागच्या दाराची कडी निघाल्याचा आवाज आला.