सोमवारची बाई

१९७५ साली मी कर्जतला राहायला आले. मुंबईच्या एका ट्रस्टनं कडावला मनोरुग्णांसाठी आठवड्यातून एक दिवस, बुधवारी, चालणारं केंद्र उघडलं होतं आणि तिथली समाजसेविका म्हणून माझी नेमणूक झाली होती. केंद्र म्हणजे एक कौलारू खोली, एक टेबल, तीन खुर्च्या आणि गोळ्यांचं लोखंडी कपाट. महिन्यातून एकदा डॉक्टर येत आणि औषधं लिहून देत. बाकीचे बुधवार माझ्या एकटीचे. लोक बोलतील ते ऐकायचं, हेच माझं काम.

असं काम करणाऱ्याला आपलं काम कोणा जाणत्या माणसापुढे ठेवावं लागतं, नाहीतर ऐकलेलं सगळं आतच साचतं. त्यासाठी ट्रस्टनं टिपणीस मॅडमना गळ घातली होती. तीस वर्षं मनोरुग्णालयात काढून त्या दहिवलीला येऊन एकट्याच राहत होत्या. अर्धांगवायूनं त्यांचा डावा पाय गेला होता. सकाळी शेजारची बाई त्यांना खिडकीजवळच्या खुर्चीत बसवी आणि संध्याकाळी उठवी. दर शनिवारी दुपारी मी नदीवरचा पूल ओलांडून त्यांच्याकडे जायची. त्यांचा नियम कडक होता. बुधवारचं प्रत्येक बोलणं शब्दाला शब्द लिहून आणायचं आणि मोठ्यानं वाचायचं. त्या लाल पेन्सिलीनं समासात खुणा करीत आणि मधेच थांबवून म्हणत, "तिनं काय सांगितलं ते कळलं. ते ऐकताना तुला काय झालं, ते कुठाय?"

आठवड्यात माझ्याशी कोणी बोलायचं ते त्या तासभरातच. गावात मी 'येड्यांची बाई' होते. लोक मान डोलावत, पण थांबत नसत. बाजारामागे अंबूबाईंच्या घराची मागची खोली मला मिळाली होती. रविवार असा जाई की संध्याकाळी मी मुद्दाम काहीतरी मोठ्यानं म्हणून बघायची, आवाज फुटतो की नाही ते.

७७ सालच्या जानेवारीत येसाजी नावाचा एक शेतकरी आपल्या विधवा भावजयीला, गौराबाईला, केंद्रात घेऊन आला. तिची सात वर्षांची जनी दोन वर्षांपूर्वी पेज नदीत बुडाली होती. गौराबाई काठावर धुणं धूत असतानाच. तेव्हापासून तिनं बोलणं टाकलं होतं. जेवताना ती दोन ताटं वाढी. जनीचा हिरवा परकर दोरीवर होता तसाच होता, त्याला ती कोणाला हात लावू देत नव्हती. पाच बुधवार ती माझ्यासमोर पदराचं टोक तोंडात धरून बसली आणि उठून गेली.

मॅडम म्हणाल्या, "मरणाचं विचारू नकोस. मुलगी कुठल्या कुशीवर निजायची, ते विचार."

सहाव्या बुधवारी मी ते विचारलं. गौराबाईनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"त्ये सांगितलं की मी. सोमवारी."

"कोणाला?"

"त्या दुसऱ्या बाईला."

हळूहळू तिच्याकडून कळलं ते असं. सोमवारी दुपारी, सगळे वालाच्या शेतात गेले की एक बाई येते. जात्याजवळ बसते. माझ्यासारखंच बोलते, पण लिहून घेत नाही. मला वाटलं, ट्रस्टनं आणखी कोणाला तरी नेमलं असेल. मी पत्र टाकलं. तसं कोणी नाही, असं उत्तर आलं. येसाजीनं आळीत चौकशी केली. सोमवारी त्या घरी जाताना कोणीच कोणाला पाहिलं नव्हतं.

मॅडमना यात काळजीचं काही वाटलं नाही. माणूस खरं बोलण्याआधी मनात बोलून बघतो, म्हणाल्या, चांगलं लक्षण आहे. लक्षणं चांगली होतीही. गौराबाई केस विंचरून यायला लागली. सोमवार सोडून शेतावर जायला लागली. दोन ताटांचं एक झालं. फक्त दर बुधवारी मी प्रश्न विचारायच्या आत ती सांगे, हे सोमवारीच सांगून झालं. मॅडमनी शनिवारी सुचवलेला प्रश्न माझ्याआधी दोन दिवस तिथे पोचलेला असे. एका आठवड्याच्या नोंदीत मी लिहिलं, 'मला हेवा वाटतो.' मॅडमनी त्याखाली रेघ मारली.

मार्चमध्ये त्यांनी एक प्रश्न कागदावर लिहिला, घडी घातली, डिंकानं चिकटवली आणि माझ्या हातात दिली. मी तो वाचायचा नव्हता. गौराबाईसमोरच फोडायचा होता.

बुधवारी ती येऊन बसली. चिकटवलेला कागद टेबलावर होता. त्याकडे न बघताच ती म्हणाली, "तिनं इचारलं, जनीला शेवटची हाक कोनी मारली."

मी कागद फोडला. मॅडमच्या थरथरत्या अक्षरात तेच शब्द होते.

"मग तू काय सांगितलंस?"

"मीच मारली. पोरगी खडकावर हुबी व्हती. मी हाक मारली, तिनं वळून बघितलं, आन पाय सरकला." हे सांगताना तिचा आवाज हलला नाही. "दोन वर्सं कुनाला बोलले नव्हते. तिला सांगितलं आन लई हलकं झालं."

शनिवारी मी वाचून संपवलं तेव्हा मॅडमच्या हातातली पेन्सिल थांबलेली होती. तो प्रश्न त्यांनी कोणालाच सांगितला नव्हता. शेजारच्या बाईला वाचता येत नव्हतं. त्या म्हणाल्या, सोमवारी तू स्वतः जा.

सोमवारी एकच्या एसटीनं मी कडावला उतरले. भाताच्या रोपांच्या जागेवर पालापाचोळ्याचा राब जाळल्याचा धूर शेतांतून येत होता. आळीत चिटपाखरू नव्हतं. गौराबाई घरात एकटीच वालाच्या शेंगा सोलत बसली होती. मी चार वाजेपर्यंत तिच्यासमोर बसले. कोणी आलं नाही. निघताना मी विचारलं, "आज ती बाई नाही आली?"

"आली व्हती. तुमी यायच्या आदी. आज माझ्यासंगं जास्त बोलली नाय. तुमचंच इचारत व्हती."

"काय?"

"ती बुधवारची बाई एकटीच ऱ्हाते का, म्हनून. मी म्हनलं, व्हय, एकटीच."

मला तिथून लवकर निघायचं होतं. तेवढ्यात तिनं चुलीवरचं पातेलं उतरवलं. हाताला चटका बसू नये म्हणून धरलेलं फडकं हिरवं होतं, त्याला बारीक नाडी होती.

"गौराबाई, हा जनीचा परकर ना?"

तिनं फडक्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काही चुकीचं बोलले असेन आणि तिला मला दुखवायचं नसेल, तशी ती हसली.

"कोन जनी?"

बाहेर येसाजी भेटला. त्याला ठाऊक होतं. चार दिवस झाले, म्हणाला. घरात आता ते नाव कोणी काढत नाही. त्यानं मला हात जोडले. "बरी झाली ना, बाई. आता तिला काय बी इचारू नका."

मॅडमनी ते ऐकून घेतलं. पुढच्या सोमवारी खोलीवर थांबू नकोस, जेवून थेट माझ्याकडे ये, एवढंच म्हणाल्या. कारण त्यांनी सांगितलं नाही, पण शनिवार सोडून दुसऱ्या दिवशी ये असं त्या पहिल्यांदाच म्हणत होत्या.

सोमवारी मी जेवले. निघण्यापूर्वी पाच मिनिटं पाठ टेकली.

जाग आली तेव्हा पाच वाजले होते. इतकी गाढ झोप मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती. अंग हलकं होतं. कडकडून भूक लागली होती.

अंबूबाई दारात आल्या. हातात चहाचा कप होता.

"कोन आलं व्हतं गं?"

"कोणी नाही. मी झोपले होते."

त्यांनी कप खिडकीत ठेवला. "तू रडत व्हतीस. म्हनून मी दार वाजवलं नाय." मग म्हणाल्या, "ती बाई लई मायेनं बोलत व्हती."

शनिवारी मी दहिवलीला गेले. नोंद वाचायला काढली, पण मॅडमनी हात वर केला.

"सोमवारी तू आली नाहीस. शुक्राबद्दल त्या बाईला सांगितलंस?"

मी म्हटलं, या नावाचा कोणी माझ्याकडे येत नाही.

त्यांनी चष्मा काढला. टेबलाचा खण उघडून सुतळीनं बांधलेले कागद माझ्यापुढे सरकवले. सतरा पानं. अक्षर माझं. तारखा आदल्या वर्षाच्या.

मी वाचायला लागले. शुक्रा माथेरानच्या पायथ्याच्या वाडीतला, वीस-बावीस वर्षांचा, वर हॉटेलात कामाला. त्याला झोप लागत नसे. दर बुधवारी तो डोंगर उतरून केंद्रात येई. एका बुधवारी मी कंटाळून केंद्र उघडलंच नाही, खोलीवर पडून राहिले. तो दुपारभर पायरीवर बसून परत गेला. दोन दिवसांनी दरीत सापडला. हे सगळं मी लिहिलं होतं. काही सोडलं नव्हतं.

शेवटच्या पानावर समासात लाल पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज वाचता वाचता थांबली. तासभर रडली. मी बोलले नाही.'

"काही आठवतं?" मॅडमनी विचारलं.

मी पुन्हा पहिल्यापासून वाचलं. वर्तमानपत्रात कोणाचं तरी वाचावं, तसं वाटलं.

"बिचारा," मी म्हटलं.

खिडकीबाहेर उन्हं उतरली होती. शेजारची बाई त्यांना उठवायला यायची वेळ झाली होती. मॅडमनी कागद परत घेतले, पण सुतळीची गाठ त्यांना मारता येईना. मी मारून दिली. त्यांनी माझा हात तसाच धरून ठेवला.

"नीट आठवून सांग," त्या म्हणाल्या. "तिनं तुला माझ्याबद्दल काही विचारलं का?"

मी खूप आठवून पाहिलं. मला सांगता येईना.