थुईच्या नळ्या, खांगची होडी

खांगने थुईला पहिल्यांदा भिजवलं ते चुकून.

व्हिएतनाममधल्या सा देकच्या शेतांत पाणी चढलेलं होतं. शेवंतीच्या कुंड्या बांबूच्या उंच मचाणांवर, आणि मचाणांमधल्या गल्ल्यांतून पाणी घालत फिरणाऱ्या होड्या. थुई कागदाची गुंडाळी छातीशी धरून फळीच्या पुलावरून चालली होती. तेवढ्यात पाइप वळला, आणि गार पाण्याचा एक लांब फवारा तिच्या डोक्यावरून पायापर्यंत ओघळला.

"माफ करा… दिसलाच नाहीत तुम्ही," होडीतला तरुण म्हणाला.

"इतकी लहान आहे का मी?"

"नाही. फुलांच्या रांगेत उभ्या होतात ना, म्हणून…"

हे तो इतक्या सरळपणे म्हणाला, की तिला नीट रागावताही येईना. कागदावरची शाई मात्र पसरली होती.

तोच ओला कागद घेऊन ती दुपारी फूलउत्पादकांच्या सभेत उभी राहिली. कॅन थोच्या शेतकी महाविद्यालयातून येऊन या सहकारी संस्थेत नोकरीला लागल्याला तिला सहाच महिने झाले होते. तिची कल्पना साधी होती. प्रत्येक कुंडीपर्यंत एक बारीक नळी न्यायची, एकच पंप लावायचा. पाणी थेंब थेंब मुळाशी पडेल. रोज सकाळी तीन-तीन तास जड पाइप उचलायला नको.

मागच्या रांगेतून खांग उठला. सकाळचाच तो.

"तीन गोष्टी आहेत. शेवटच्या कुंडीपर्यंत पाणी पोचणार नाही. नदीचा गाळ नळ्यांत बसेल. आणि पाणी नळीने घातलं, तर झाडाकडे बघणार कोण?"

"कॅन थोमध्ये झाडं टीव्हीवर बघत असतील," कोणीतरी म्हणालं, आणि सगळे हसले. खांग तेवढा हसला नाही. संस्थेच्या प्रमुख लोआनमावशी म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात बघू." त्याचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता.

संध्याकाळी थुईने खोलीवर बसून खांगला द्यायची उत्तरं लिहून काढली. पहिल्या शंकेला चार ओळी, दुसऱ्या शंकेला सहा. तिसरीपाशी पेन्सिल थांबली ती थांबलीच.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ती त्याच्या धक्क्यावर हजर.

"ती तिसरी गोष्ट मला कळली नाही. दाखवाल का?"

"भांडायला आलात?"

"तयारी तीच केली होती. पण उत्तर सापडलं नाही."

त्याने पायाने होडी धक्क्याला दाबून धरली. "बसा मग. मध्ये. पुढे बाबा बसतात."

पुढे झावळीची टोपी घालून साउकाका बसले होते, खांगचे वडील. त्यांचा उजवा खांदा कानाच्या वर उठत नव्हता. चार महिन्यांपूर्वीपर्यंत पाइप त्यांच्या हातात असे. आता ते नुसते शेजारी असत.

त्या सकाळी थुई पाहायला शिकली. पान उलटून मागची बारीक कोळी-कीड कशी ओळखायची, माती हुंगून मुळं कुजलीत हे कसं समजायचं, कोणती कळी उद्या फुगेल. धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं. पंपाची घरघर, ओल्या पानांचा कडवट गोड वास, आणि पाइप वळवताना खांगच्या मनगटावरून घरंगळणारे थेंब… पहिल्या दिवशी तिची वही भरली. तिसऱ्या दिवशी ती वही आणायला विसरली.

"आज काही लिहीत नाही आहात," तो म्हणाला.

"लक्षात राहतंय."

"कोळी-कीड?"

"ती पण," थुई म्हणाली, आणि घाईघाईने एक पान उलटून त्यात तोंड लपवलं.

पाचव्या दिवशी साउकाका खांदा दाखवायला दवाखान्यात गेले होते. होडीत दोघंच.

"खरं सांगू?" थुई म्हणाली. "नळ्यांचं मला साउकाकांना बघूनच सुचलं. एकदा पाइप उचलताना त्यांचा चेहरा पाहिला होता…"

खांगने पंप बंद केला. एकदम सगळीकडे शांत झालं.

"म्हणूनच तर नको वाटतं मला," तो हळूच म्हणाला. "माझा हात दुखतो म्हटलं की अजून ते पाइप धरायला धडपडतात. ते कामच उरलं नाही, तर बाबा सकाळी उठतील कशासाठी?"

"हे सभेत का नाही बोललात?"

"तीस माणसांसमोर? स्वतःच्या बापाबद्दल?"

सभेतल्या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पण चौथी, सगळ्यांत जड, तो घरीच ठेवून आला होता. त्या गोष्टीचं उत्तर थुईच्या कोणत्याही वहीत नव्हतं.

"काकांना विचारलंत कधी?"

"…नाही."

"मग आपण दोघंही त्यांच्या वतीने ठरवतोय."

त्यांनी विचारलं. साउकाका डाव्या हाताने शेवयांचं सूप खात होते. वाटी रिकामी करून त्यांनी ती खाली ठेवली.

"पाण्याचं ओझं गेलं तर जाऊ दे," मग ते म्हणाले. "बघायचं काम मात्र मी कुणाला देणार नाही. माझ्या दोन रांगा घे, पोरी. आणि गाळाचं काय करशील?"

थुईने तोंड उघडण्याआधीच खांग म्हणाला, "पाणी आधी रांजणांत साठवू. गाळ तळाशी बसेल."

"तू विरोधात होतास ना?" साउकाकांनी विचारलं.

"अजून आहे," खांग म्हणाला, आणि नळ्या मोजायला दोरी शोधू लागला.

दोनशे कुंड्यांना नळ्या लागल्या. आता सकाळच्या फेरीत पंप नसे, त्यामुळे बोललेलं ऐकू येई. खांग सावकाश वल्हवी, साउकाका डाव्या हाताने दाखवीत आणि थुई पानं उलटून बघे. तेतचा, नव्या वर्षाचा सण तीन आठवड्यांवर आला असताना एका सकाळी साउकाकांनी बोट वर केलं. रांगांच्या शेवटच्या चाळीस कुंड्यांनी माना टाकल्या होत्या. पाणी तिथवर पोचलंच नव्हतं.

तिघांनी दिवसभर हाताने पाणी घातलं. तीस वाचल्या, दहा गेल्या. खांग एकदाही 'मी म्हटलं होतं' म्हणाला नाही. थुईला त्याचंच जास्त रडू आलं.

पुढच्या सभेत तीच पहिली उठली. "खांग यांची पहिली शंका खरी ठरली. दहा कुंड्या गेल्या. काकांनी पाहिलं नसतं, तर चाळीसही गेल्या असत्या. त्यामुळे तिसरी शंकाही खरीच होती."

कोणी हसलं नाही. मागच्या रांगेत खांग उठला.

"पाणी रांगेच्या मध्यावर सोडलं, तर दोन्ही टोकांना पोचतं," तो म्हणाला. "काल करून पाहिलं. आणि एकशे नव्वद कुंड्या कळ्यांनी भरल्यात. तेही सांगा ना तुम्ही."

लोआनमावशींनी विचारलं, "आणखी कुणाला काही शंका?"

अकरा हात वर झाले. थुईने खुर्ची ओढून घेतली. "एकेक सांगा. मला वेळ आहे."

सभा संपली तेव्हा बर्फाचा चहा केव्हाच संपला होता. त्यांतल्या सात जणांनी पुढच्या हंगामात एकेक रांग द्यायचं कबूल केलं होतं. उरलेले चौघे शंका सांगून मोकळ्या मनाने घरी गेले.

तेतच्या आदल्या आठवड्यात पिवळ्याधमक कुंड्या होड्यांत भरून बाजाराला गेल्या. मचाणं रिकामी झाली, आणि थुई सणाला कॅन थोला निघाली. खांग तिची पिशवी घेऊन बसथांब्यावर आला. पिशवी हलकी होती, तरी तो ती देईना.

"तेतच्या तिसऱ्या दिवशी… तुमच्याकडे येऊ का?"

"तिसऱ्या दिवशी लोक शिक्षकांना भेटायला जातात."

"म्हणूनच."

"मी काय शिकवलं तुम्हाला?"

"घरातल्या माणसाला विचारायला," तो म्हणाला. मग पिशवीच्या बंदाशी चाळा करत, खाली बघत… "थुई, तू मला आवडतेस. फार."

बस आली. कंडक्टर घाई करू लागला. थुईने पिशवी घेतली, पायरीवर चढली आणि वळून म्हणाली, "नुसतं भेटायला नको. जेवायलाच ये."

आपण त्याला पहिल्यांदाच 'या' न म्हणता 'ये' म्हणालो, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा बस पुलावर पोचली होती.