रिकाम्या बरणीचा वास

काचेच्या बरण्या उकळत्या पाण्यातून काढायच्या आणि उन्हात पालथ्या घालायच्या, एवढंच त्या सकाळचं काम होतं. हेमाली हॉलंडमध्ये वासाचं शास्त्र शिकून चार महिन्यांपूर्वी खाडीकाठच्या आपल्या गावी परतली होती. खारजमिनीतल्या भाताचा, मिठागराचा, सुकटीचा वास ओळखणारी नाकं आता म्हातारी झाली होती. ती आहेत तोवर सगळं नोंदवून ठेवायचं, या ध्यासाने तिला झोप लागत नसे. गाव मात्र हसत होतं.

"वास घ्यायचा पगार मिलतो? मंग आमच्या कुत्र्याला डाक्टर करा की!" तुळशीकाकू म्हणाली आणि तरीही सर्वांत आधी येऊन बसली.

शाळेच्या वर्गात पडदा लावला होता. पडद्याआड एकेका बाईने एकटीने यायचं, सात बरण्या हुंगायच्या, वाटेल ते सांगायचं. सहा बरण्यांत जिन्नस होते. सातवी रिकामी. उघाडीपाशी, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या दारापाशी, ही बरणी दहा मिनिटं उघडून पुन्हा बंद केलेली होती. नसलेला वासही माणसं सांगतात का, हे बघायला अशी एक बरणी लागते. ती कुठली, हे हेमालीशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. बरण्या वाहून आणणाऱ्या जनीलाही नाही.

तुळशीकाकूने सहा वास धडाधड ओळखले. सातव्या बरणीला नाक लावलं आणि तिच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

"ही... नीरा हाय."

"कोण नीरा?"

"जनीची आयस. लवंग टाकून तंबाखूची मिसरी भाजायची ती. दुसरं कोनी न्हाय भाजत गावात." काकूने बरणी हलकेच खाली ठेवली. "जनीला सांगू नको."

नीराबाईची गोष्ट हेमालीने लहानपणी ऐकली होती. बत्तीस वर्षांपूर्वी उघाडीपाशी बांधाला खांड पडली, खाडीचं पाणी शेतात घुसलं, त्या धांदलीत ती नाहीशी झाली. ट्रकवाल्याबरोबर गेली, मी डोळ्यांनी बघितली, असं बांधाचा पुढारी कोंडाजी म्हणाला, आणि ते गावाने धरून ठेवलं. जनी तेव्हा अठराची होती. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. अजूनही नळावर भांडण झालं की बाया तिला 'पलालेलीची पोर' म्हणत.

हेमालीने बरणी हुंगली. कसलाच वास नाही. तिने ती फेकली, नवी उकळली, उघाडीपाशी एकटी जाऊन हवा भरून आणली. दुपारी आणखी तीन बाया आल्या, तुळशीकाकूशी एक शब्द न बोललेल्या. तिघींनीही नीराबाईचंच नाव घेतलं. शेवटचीने बरणी पुन्हा नाकाशी नेली.

"आन चिखल," ती म्हणाली. "तोंडात गेलेला चिखल."

पडदा सरकला. मागे जनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

चार वाजता कोंडाजी काठी टेकत आला. "पोरी, बंद कर ह्यो खेल. बायांची डोकी फिरवतेस."

"मी फक्त लिहून घेते, आबा."

"मंग फाड ते कागद."

"नाही फाडणार." हेमालीने कागदांवर हात ठेवला. "चार जणींनी सांगितलंय. पाचवे तुम्ही. घ्या, रिकामी बरणी आहे. रिकाम्या बरणीला कोण घाबरतं?"

जनीने दार लावून घेतलं आणि दाराला पाठ टेकली. "लाव की नाक, काका."

कोंडाजीने झाकण काढलं. बरणी नाकापर्यंत नेलीच नाही. तिथेच, छातीजवळ धरून, तो बाकावर खाली बसला.

"पाय अडकला व्हता तिचा..." तो म्हणाला. "खांडीत. पानी वाढत व्हतं. थांबलो असतो तं सगली खार बुडाली असती... शंभर घरांचं भात. आमी चिखल टाकत रायलो. हात वरती व्हता तिचा..."

"आन मंग ट्रकवाला?" जनीने विचारलं.

त्याने बरणीला झाकण परत लावलं.

"भात वाचवलंस. ठीक. माज्या आयशीचं नाव कशापायी घालवलंस?"

जनी घरी जाऊन फावडं घेऊन आली. आधी पोलिसांना कळवू, असं हेमाली म्हणाली. "बत्तीस वरसं गावाला कलवत व्हते, पलाली न्हाय म्हनून," जनी म्हणाली आणि बांधाकडे चालू लागली. कोंडाजी मागून ओरडत राहिला, बांधाला हात लावू नका, गाव तुम्हाला वाळीत टाकेल. हेमालीने सलवार वर खोचली. "टाकू दे," ती म्हणाली.

ओहोटी होती. उन्हं कलली होती. बांधावर दोघींशिवाय चिटपाखरू नव्हतं. उघाडीपाशी, शेताच्या बाजूने जनी खणू लागली. इथे चिखल काढतात तो रांगेने. पहिलीने गोळा काढायचा, दुसरीच्या हातात द्यायचा, दुसरीने वळून न बघता मागे द्यायचा, मागचीने तिच्या मागे. जनीने गोळा दिला, हेमालीने मागे केला. पुन्हा दिला, पुन्हा मागे. लय लागली. वारा पडला होता, आणि आता हेमालीलाही तो वास आला. भाजलेल्या तंबाखूचा, लवंगेचा.

पंधरावा का विसावा गोळा असेल. तो मागे करताना हेमालीच्या लक्षात आलं की आपल्या मागे कुणीच उभं नाही. आणि तरी इतका वेळ प्रत्येक गोळा कुणीतरी अलगद काढून घेतंय.

जनीने वर पाहिलं. हेमालीच्या खांद्यावरून मागे. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "थांबू नको," ती पुटपुटली. "दे..."

पळायचं तर बांध मोकळा होता. हेमालीने दात आवळले, पुढचा गोळा घेतला आणि मागे धरला.

"घे, नीराकाकू. तुला काढल्याशिवाय आम्ही जात नाही."

थंड, पाण्याने सुरकुतल्या बोटांनी तो घेतला. मग गोळा खाली पडल्याचा आवाज आला. तो मात्र पाठीमागून नाही. लांबून आला, बांधाच्या पार दुसऱ्या टोकाकडून... मध्ये माणसांची भली मोठी रांग उभी असल्याशिवाय जिथवर चिखल पोचत नाही, तिथून.