अंगठ्याचा रिपोर्ट

चुकून लॅबच्या मागच्या दारानं तो आत शिरला आणि थेट माझ्यावर आदळला. उजव्या हाताला भलंमोठं बँडेज.

"ओ, पेशंटनी इथे यायचं नसतं!"

"माफ करा… सुपाचा वास आला. वाटलं, कँटीन."

"जंतूंचं जेवण शिजतंय ते."

"मजा आहे लेकाच्यांची!"

मला हसू आलं… आणि नमुना घ्यायला बँडेज सोडताच विरलं. अंगठा काळानिळा पडला होता. तो सुतार. छिन्नी लागली होती. सर्जननं स्पष्ट सांगितलं होतं — लागू पडणारं औषध रिपोर्टमध्ये निघालं तर ठीक, नाहीतर अंगठा काढायचा.

"गोळ्या घेतल्या होत्या?"

"दोन. बरं वाटलं. उरलेल्या आईच्या डब्यात टाकल्या. त्या डब्यावर सगळ्यांचं भागतं — ताईचा खोकला, दादाची दाढ…"

"म्हणजे घरातच जंतूंची तालीम काढलीय!" माझा आवाज चढला. दुकानदार गोळ्या चॉकलेटसारख्या विकतो, डॉक्टर साध्या सर्दीला लिहून देतो, आपण अर्ध्यावर सोडतो. जंतू शहाणे होतात, आपण गाढवच राहतो. नवीन औषध काढायला कंपन्यांना फुरसत नाही, त्यात नफा कुठाय? मरा मग ओरखड्यानं!

हे सगळं त्याला ऐकवलं. तो खाली मान घालून म्हणाला, "आईपण एवढी रागावत नाही… बरं वाटलं."

दुसऱ्या दिवशी खिडकीशी हजर.

"रिपोर्ट उद्या आहे."

"माहितीय. रिपोर्टसाठी नाही आलो."

माझ्या हातातली काचनळी निसटता निसटता राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची प्लेट समोर आली. तिच्यात जंतू वाढवलेले, वर औषधांच्या चकत्या. औषध चालत असेल तर चकतीभोवती स्वच्छ कडं उमटतं. शेकड्यांनी प्लेटा वाचल्यात मी. हिचं झाकण उचलेना.

"मॅडम… ही तुम्ही वाचता?"

"का गं? कोण आहे तो?"

"कोणी नाही… म्हणजे…"

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं, प्लेट घेतली. एक चकती — काही नाही. दुसरी — नाही. जंतू सगळ्यांना खेटून वाढलेले.

"ही बघ. कडं आहे. अरुंद, पण आहे."

मी धावत बाहेर गेले. तो बाकावरून उठला.

"एकच औषध उरलंय. शिरेतून घ्यायचं, मूत्रपिंडाला जड. आजच अ‍ॅडमिट व्हायचं. आणि पुन्हा असं केलंत, तर तेही चालणार नाही."

"म्हणजे अंगठा राहतोय?"

"राहील… बहुतेक."

तो डोळे पुसत हसला. "आणि तुम्ही?"

"मी काय?"

"सोबत राहाल? मला भीती वाटते."

"मलाही," मी म्हणाले आणि त्याचा धड हात धरला. "चला, वॉर्ड वरच्या मजल्यावर आहे."