उष्टं नव्हे, चिमणीच्या दातांचं

चांदसुरे गावच्या शाळेत मधली सुट्टी झाली की पूर्वी डब्यांचा असा खडखडाट उठायचा, की समोरच्या पोस्टातले कारकून दचकून शिक्का पाकिटाऐवजी स्वतःच्या बोटावर मारायचे. आता डबे निमूट उघडत आणि चार घासांत बंद होत. "पोट भरलं," म्हणत मुलं मैदानाकडे पळत. त्यातही जी मुलं गेल्या साली पळण्याच्या नावानं झाडामागे लपायची, तीच सर्वांत पुढे.

ही करामत तृप्तिकेची. तृप्तिका म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला सूक्ष्मजंतू. गोड गोळीतून तो तोंडात जाई, हिरड्यांपाशी आणि आतड्यात बिऱ्हाड थाटी, आणि थोडं अन्न पोटात गेलं की मेंदूला निरोप धाडी : पुरे आता. नगरपालिकेचे बालआरोग्य अधिकारी डॉ. हेरंब ताम्हाणे यांनी ती गोळी फक्त वजन फार वाढलेल्या मुलांना दिली होती. मुलांची वजनं उतरली, रक्तातली साखर ताळ्यावर आली. डॉक्टरांचा सत्कार झाला. त्या फोटोत नगराध्यक्षांचं पोट आधी आलं आणि मग बऱ्याच अंतरानं नगराध्यक्ष. शाल देता देता त्यांनी डॉक्टरांच्या कानात आपल्यासाठीही एक गोळी मागून पाहिली, पण योजना लहानांसाठीच होती.

मग एक दिवस सुलभा घोलप आपल्या आठ वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आली. सुलभा एसटीत कंडक्टर. खच्चून भरलेल्या गाडीत शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज त्या दिवशी टेबलापलीकडच्या डॉक्टरांनाही नीट ऐकू येईना.

"साहेब, पोरगी जेवतच नाही. दृष्ट लागली म्हणून मीठमोहऱ्या उतरवून झाल्या. शिऱ्याचं ताट पुढं केलं तरी म्हणते, भरलंय."

तनुजा खुर्चीच्या कडेला बसली होती. मनगटातली बांगडी तिनं सहज वर सरकवली, ती दंडापर्यंत गेली. डॉक्टरांनी तिची लाळ तपासली आणि पुन्हा एकदा तपासली.

"हिला गोळी कोणी दिली?"

"हिला? अहो, ही जन्मापासून काडी!"

तृप्तिकेला खालची हद्द शिकवलेलीच नव्हती. शरीर झिजत चाललं तरी ती 'पुरे'च म्हणणार होती. हडकुळ्या मुलाच्या तोंडात ती जाणारच नाही, असं सगळ्यांनी धरलं होतं. हवेतून ती पसरत नसे, पाण्यात मरत असे. भीती होती ती फक्त लाळेची. म्हणून तर योजनेआधी डॉक्टर स्वतः प्रत्येक वर्गात गेले होते. "एकमेकांचं उष्टं कोण कोण खातं?" या प्रश्नावर सगळ्या शाळेनं एका सुरात "शीऽऽ!" केलं होतं.

"तनुजा, कोणाचं उष्टं खाल्लंस का?"

"शी! मी नाही खात. देवाशप्पथ."

मुलगी खोटं बोलत नव्हती. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत डॉक्टर शाळेत जाऊन उभे राहिले. तिच्या बाकावरच्या ओजस बागमारनं चिक्कीचे दोन तुकडे खाल्ले आणि त्याचं पोट भरलं. उरलेली वडी त्यानं शर्टाच्या टोकात गुंडाळली, कापडावरूनच कडाकड दातांनी तोडली आणि अर्धी तनुजाच्या हातावर ठेवली. तिनं ती लगेच तोंडात टाकली. पोट कितीही भरलेलं असो, मैत्रीतल्या चिक्कीला नाही म्हणायचं नसतं.

"अरे, हे काय?"

"चिमणीच्या दातांनी तोडली, सर."

"म्हणजे उष्टीच की!"

ओजसनं कीव आल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "मध्ये कापड होतं ना, सर. मग उष्टी कशी?"

शर्टाचं टोक ओलंचिंब होतं. डॉक्टरांनीही लहानपणी असेच पेरू तोडले होते, आणि तेही कधी उष्टे झाले नव्हते. वाईट याचं, की गोळीआधी ओजस कुणाला चिक्कीचा कण देत नसे. तृप्तिकेनंच त्याला दानशूर केलं होतं.

तृप्तिकेवर उतारा होता, पण तो सगळ्या शाळेला एकदम द्यायला हवा होता. एकाच्या तोंडात जरी ती उरली, तरी पुन्हा फिरली असती. पालकसभेत ओजसची आई ताडकन उठली. "माझ्या मुलाची साखर परत चढली, तर सुया टोचायला तुम्ही याल का?" तिच्या मागे बरेच हात वर झाले. शेवटी ठरलं ते असं : उतारा हडकुळ्यांना, आणि जेवताना मुलं वेगवेगळ्या खोल्यांत.

तनुजाला इतर हडकुळ्या मुलांबरोबर रुग्णालयात ठेवलं. उतारा पोटात गेला, जंतू मेले. पण डोळे तसेच खोल, आणि मऊ भाताचे दोन घास घेऊन तिनं वाटी बाजूला सारली.

"आता भूक लागली की लगेच सांगायचं हं," डॉक्टर म्हणाले.

"पण काका, भूक लागली हे कसं कळतं?"

पुस्तकातली व्याख्या आठ वर्षांच्या मुलीला काय सांगायची? डॉक्टरांनी सुलभाकडे पाहिलं. "तुम्हीच सांगा हो हिला."

सुलभा वाटीतला उरलेला भात गिळत होती. घास घशाखाली उतरत नव्हता, पण अन्न टाकवतही नव्हतं. तिनं आठवून पाहिलं.

"मला तरी हल्ली कुठं लागते, साहेब. वाटलं, काळजीनं असेल."

डॉक्टरांचा आवाज एकदम बारीक झाला. "सुलभाताई, तुम्ही हिचं उष्टं खाता?"

"छे हो!" चमचा हातात तसाच धरून ती म्हणाली. "आईला लेकराचं कुठं उष्टं असतं?"

वॉर्डात पलीकडे ओळीनं खाटा होत्या. प्रत्येक खाटेशी एक आई बसली होती, आणि प्रत्येकीच्या मांडीवर मुलाचं अर्धवट ताट.

तनुजानं आईकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे.

"मग आता कोणाला विचारायचं?"