हिरव्या टिकलीची पोच

“तुमची टिकली मिळंल का?”

नौबादच्या फाट्यावर, पंक्चरवाल्याच्या पत्र्याखाली, एका अनोळखी माणसानं मला हे विचारलं. बाहेर भाद्रपदातली सर कोसळत होती, माझी छत्री वाऱ्यानं उलटी झाली होती, नोकरीचा पहिला दिवस होता... आणि हा भिजलेला उंच माणूस सरळ माझ्या कपाळाकडे बघत होता!

“काय म्हणालात?” मी आवाज चढवला.

“टिकली... म्हंजे... ही बघा की.” त्यानं मूठ उघडली. आत एक चिप होती, पाठीवर इवलीशी काचेची खिडकी असलेली. “पावसानं हिचं लेबल निघालं. आत प्रोग्राम हाय. खिडकीतून उजेड लागला की पुसून जातंय.”

“कडक उन्हात ठेवली तर आठवड्यानं पुसंल. अशा ढगाळात वर्षं लागतील.”

तो बघतच राहिला. खरं तर विषय तिथंच संपायला हवा होता. पण त्याच्या पापण्यांवर पाणी होतं आणि तो असा काही बघत होता की... मी कपाळावरची मरून रंगाची टिकली काढली आणि त्या खिडकीवर चिकटवून दिली.

दहा मिनिटांनी आम्ही दोघं एकाच शेडच्या दारात उभे होतो. “आलीस का, अम्मा?” गुरुपादय्या सर म्हणाले. “हा व्यंकट, हुलसूरचा. ही उत्पला, मुडबीची. तुमच्या दोघांचे प्रोसेसर एकमेकांशी बोलले पाहिजेत बघा. न्हाई बोलले तर माझी शेड बंद.”

साल अठ्ठ्याऐंशी. सर बंगळूरची नोकरी सोडून गावी आले होते आणि एका साखर कारखान्यासाठी यंत्र बनवत होते. एका लोखंडी कपाटात दोन प्रोसेसर. व्यंकटचा बॉयलरची उष्णता मोजणार, माझा हुकूम सोडणार. दोघांच्या मध्ये मेमरीचा एक सामायिक तुकडा. त्याला आम्ही कोनाडा म्हणायचो. एकानं कोनाड्यात निरोप ठेवून घंटा वाजवायची, दुसऱ्यानं तो उचलून पोच द्यायची. प्रत्येक प्रोसेसरमध्ये सरांनी लिहिलेला छोटासा कर्नल होता, म्हणजे कामं वाटणारा कारभारी. आणि त्या कर्नलच्या हाताखाली निरोपांची ने-आण करणारा ड्रायव्हर. त्या ड्रायव्हरशी बाकीच्या प्रोग्रामांनी कोणत्या रीतीनं बोलायचं, ती रीत ठरवणं माझ्याकडे होतं.

आणि व्यंकटचं काम, मला वाटतं, माझ्याशी भांडणं हे होतं.

“पोच कामून पाहिजे? निरोप ठिवला, घंटा वाजवली, झालं की!”

“अन् समोरच्यानं उचललाच न्हाई तर? तू त्याच्यावरच दुसरा ठिवशील. पहिला गेला कामातून.”

“विश्वास न्हाई व्हय माझ्यावर?”

“तुझ्यावर हाय. तुझ्या प्रोसेसरवर न्हाई.”

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची, आणि ती नेमकी माझ्या बाजूच्या. शेवटी माझीच रीत ठरली. निरोप पाठवणाऱ्यानं पोच येईपर्यंत थांबायचं, दुसरं काहीच करायचं नाही. “कडक हायेस बघ,” तो म्हणाला, पण त्यानंही तसंच लिहिलं. तो चिपमध्ये प्रोग्राम भरायचा आणि माझ्या टेबलावर आणून ठेवायचा, कारण कपाट माझ्याजवळ होतं. लेबलं संपली की माझ्या मरून टिकल्या कामाला यायच्या. माझी टिकली त्याच्या चिपवर... मला ते फार आवडायचं. कुणाला सांगायची गरज नव्हती.

मग महानंदा आली.

आली म्हणजे प्रत्यक्ष नाही. ती गुलबर्ग्यालाच होती. कारखान्याला उसाच्या गाड्यांचं वजनही यंत्रात हवं होतं, म्हणून सरांनी तिसऱ्या प्रोसेसरचं काम तिला दिलं, आणि तिला आमची रीत समजावून सांगायला दर गुरुवारी व्यंकटला बसनं पाठवायला लागले.

शुक्रवारी तो आला की शेडमध्ये दुसरं काही ऐकूच यायचं नाही. महानंदा म्हणायली अमुक. महानंदानं एका बसणीत तमुक लिहिलं. महानंदाच्या घरची शेंगाचटणी खाऊन बघ, उत्पला, बोटं चाटशील.

“मला तिखट सोसत न्हाई,” मी म्हणाले. मी मुडबीची, तिखटावरच वाढलेली! तो गोंधळून डबा ठेवून गेला. ती चटणी मी खाल्ली नाही. म्हणजे, त्याच्यासमोर खाल्ली नाही.

सर म्हणाले, “अम्मा, महानंदासाठी तिसरा कोनाडा कर.”

“न्हाई जमायचं, सर. रीत दोघांची हाय.”

जमलं असतं. दोन दिवसांचं काम होतं. पण माझ्या आणि व्यंकटच्या मध्ये तिला मी माझ्या हातानं जागा करून देऊ? मग महानंदानंच तोडगा काढला. तिचे निरोप व्यंकटच्या प्रोसेसरकडे जातील आणि तिथून माझ्याकडे येतील. म्हणजे आता घंटा वाजली की निरोप त्याचा आहे की तिचा, हेसुद्धा मला कळणार नव्हतं. मी नुसती जळत होते.

त्यात त्या टिकल्या. एका शुक्रवारी त्यानं ठेवलेल्या चिपवर हिरवी टिकली होती. हिरवीगार, मखमली, कडेला बारीक सोनेरी रेघ. माझी नव्हती. पुढच्या शुक्रवारी पुन्हा हिरवी. चिप ठेवून तो तसाच उभा राहिला, जणू मी काही बोलावं म्हणून.

“काय हाय?” मी विचारलं.

“काय न्हाई... बसव की.”

मी बसवली. बसवताना त्या टिकलीवर नख ओढलं, जरा जास्तच जोरात. नोकरीला लागल्यापासून इतकं रडू आलेलं मला आठवत नव्हतं. एखादी बाई आपल्या कपाळावरची टिकली काढून त्याच्या चिपवर लावते, याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार होता?

आणि मग सरांनी ते जाहीर केलं. गुलबर्ग्याला शाखा काढायची होती, व्यंकटनं कायमचं तिकडे जावं. सोमवारी महानंदा येईल, तिन्ही प्रोसेसर जोडू, आणि त्याच दिवशी व्यंकटनं हो-नाही सांगावं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी सोल्डरिंगच्या धुराकडे बघत राहिले.

सोमवारी महानंदा आली. ठेंगणी, हसरी, कपाळावर विभूतीचे पट्टे आणि खाली ओल्या कुंकवाचा ठसठशीत टिळा. “व्यंकटअण्णा!” तिनं दारातूनच हाक मारली. “अण्णा, अक्का कुठं हाय? तिच्यापायी तर माझं डोकं खाल्लंस!”

अण्णा. म्हणजे भाऊ! माझ्या छातीवरची धोंड उतरली... आणि लगेच दुसरी चढली. ही तर कुंकू लावते. टिकली लावतच नाही. मग हिरव्या टिकल्या कुणाच्या? म्हणजे आणखी एक कुणीतरी आहे!

अशा डोक्यानं मी बटण दाबलं. दिवे लागले, पहिले निरोप आले-गेले. महानंदाच्या गाड्यांची वजनं व्यंकटकडून माझ्याकडे धडाधड यायला लागली, आणि कपाट एकाएकी गप्प झालं. सरांचा चेहरा उतरला. पुन्हा चालू केलं, पुन्हा गप्प.

मी दोन्ही प्रोसेसर कुठं अडकलेत ते बघितलं, आणि बघतच राहिले. माझ्या प्रोसेसरनं निरोप ठेवला होता आणि तो पोचेची वाट बघत होता. व्यंकटच्या प्रोसेसरनंही नेमका त्याच क्षणी निरोप ठेवला होता आणि तोही पोचेची वाट बघत होता. पोच येईपर्यंत दुसरं काही करायचं नाही, अशी आमची रीत! मग समोरचा निरोप उचलणार कोण?

“दोघं बी नुसती वाटच बघायलेत,” मी म्हणाले. “वाट बघताना समोरचं उचलायला पाहिजे. अन् प्रत्येकाला आपापला कोनाडा पाहिजे. महानंदाला बी.”

“अम्मा, त्या दिवशी तर जमायचं न्हाई म्हणालतीस!”

“आता जमतंय, सर.”

सर महानंदाला घेऊन चहाला गेले. शेडमध्ये आम्ही दोघंच राहिलो. पत्र्यावर बारीक पाऊस वाजत होता. व्यंकटनं आपली चिप काढून हातात घेतली. हिरवी टिकली वरच होती.

“कुणाची हाय ही?” मी विचारलं.

“कोण?”

“टिकलीवाली!”

तो कानापर्यंत लाल झाला. “कुणाची म्हंजे... तुझी. हुमनाबादच्या स्टँडवर बस बदलताना घेतलतं पाकीट. पहिल्या दिवशी तुझी एक घेतली न्हवं का... हातात द्यायची हिंमत झाली न्हाई. म्हणून एकेक चिपला लावून तुझ्याकडं पाठवायलोय. वाटलं, बघशील, कायतरी बोलशील. तू पोचच देईनास!”

“मला काय म्हाईत! मला वाटलं महानंदाची!”

“महानंदाची?” तो हसायला लागला, आणि मग हसता हसता थांबला. “उत्पला... सरांना आज सांगायचंय. जाऊ का गुलबर्ग्याला?”

मी त्याच्या हातातली चिप घेतली. नखानं हळूच ती हिरवी टिकली सोडवली, कपाळावरची मरून काढून टाकली, आणि हिरवी तिथं दाबून बसवली.

“अगं! उजेड लागायलाय, पुसून जाईल!” त्यानं घाईनं चिपच्या खिडकीवर अंगठा ठेवला. चिप माझ्याच तळव्यावर होती, त्यामुळे त्याचा हातही तिथंच राहिला.

“ढगाळ हाय,” मी म्हणाले. “वर्षं लागतील.”

त्यानं अंगठा काढला नाही. माझ्या कपाळाकडे बघत तो इतक्या हळू म्हणाला की पावसात जेमतेम ऐकू आलं, “पोचली.”

गुलबर्ग्याची शाखा महानंदानं सांभाळली, आणि फार चांगली सांभाळली. तिला मी स्वतंत्र कोनाडाही करून दिला. फक्त एकाच वेळी दोन घंटा वाजल्या तर व्यंकटच्या प्रोसेसरनं आधी माझा निरोप उचलायचा, हा नियम तेवढा मी कुणाला न विचारता घालून टाकला.