टेपच्या दुसऱ्या टोकाला

त्या मंगळवारी आम्ही दोघं अगदी साध्या कामाला निघालो होतो. नदीपलीकडची पडीक जमीन मोजायची, ‘वस्तीची खूण नाही’ या छापील ओळीखाली सही करायची आणि वेळेत घरी यायचं. सही झाली की तिथं शहराचा राडारोडा पडायचा होता.

त्या जमिनीखाली एक नगर आहे, आमच्या शहराहून जुनं. सातशे वर्षांपूर्वी पूर आला तेव्हा तिथली उरलेली एकशे सहा माणसं पूल ओलांडून आमच्या वेशीशी आली. वेस उघडली नाही, ती सगळी पुरात गेली. पुढं शहरानं त्या नगराचे दगड आणून आपला तट वाढवला आणि दप्तरात लिहून ठेवलं, ‘लोक अन्यत्र गेले.’ खरी हकीकत एका पहारेकऱ्याच्या टिपणात राहून गेली होती. ती मी अकरा वर्षं तुकड्यातुकड्यानं वहीत उतरवून घेत होतो. मोजणीला माझ्याबरोबर टेप धरणारे मामा म्हणायचे, “भाऊ, कधीतरी जिवंत माणसांचीही खबर ठेव. बायकोला तरी ओळखतोस ना?”

पण वहीला कचेरीत किंमत नव्हती. माप हवं होतं.

दुपारी गवतात दगडी कड पायाला लागली. तटाचा पाया होता तो. तेवढ्यात नदीवरून धुकं चढलं आणि दहा पावलांपलीकडचं दिसेना. आमची पद्धत अशी, की मी आकडा पुकारायचा, पलीकडच्यानं तोच परत पुकारायचा, मगच लिहायचं. त्यामुळे धुक्यानं अडलं नाही. सात मापं झाली. चौथ्या मापाला मी “बावीस” म्हणालो. पलीकडून हलक्या आवाजात आलं, “तेवीस...”

वाकून पाहिलं, तर तेवीसच होते. आकडा तर माझ्या टोकाला होता, पलीकडून दिसणारा नव्हता. तरी मी लिहून मोकळा झालो, कारण माप बरोबर होतं. सातवं माप पहिल्या खुणेला नेमकं येऊन मिळालं. टेप गुंडाळली तेव्हा टोकाची कडी कोमट लागली, आणि तिला साचलेल्या पाण्याचा वास येत होता.

गाडीपाशी आलो तर मामा आत बूट काढून बसलेले. घोटा टम्म सुजला होता.

“दुसऱ्या मापालाच मुरगळला,” ते म्हणाले. “हाका मारल्या, पण तू आपला आकडे पुकारतोयस. म्हटलं, मिळालं असेल कुणी धरायला.”

“इथं कोण मिळणार, मामा...?”

त्यांनी काच वर केली.

दुसऱ्या दिवशी छापील ओळ खोडून मी लिहिलं, ‘तटाचा पाया आहे. वस्ती आहे.’ साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. सही कर, नाहीतर घरी बसायची तयारी ठेव, म्हणाले.

“बसेन, साहेब. पण नाही असं लिहिणार नाही. या शहरानं एकदा वेस लावून घेतली, तेवढं पुरे.”

साहेब हसले. टेप धरणाऱ्यानं ग्वाही दिली नाही तर मापं रद्द होतात, हे त्यांना ठाऊक होतं. मामांची पेन्शन सहा महिन्यांवर आली होती. त्यांनी मामांना बोलावलं.

“सातही मापांना पलीकडे तुम्ही होतात? विचार करून सांगा.”

माझी नजर खाली गेली. खोटं बोला, असं कुठल्या तोंडानं सांगणार?

“होतो,” उत्तर आलं.

मी वर पाहिलं तेव्हा साहेब मामांकडे बघतच नव्हते. त्यांची नजर मामांच्या खांद्यावरून मागं, उघड्या दाराकडे लागली होती. नजर न हलवता त्यांनी कागद चाचपडत ओढला, उरलेले रकाने भरले आणि सही केली.

बाहेर आल्यावर मी मामांचा हात धरला. माझ्यासाठी खोटं बोललात, म्हणालो.

“बोलणारच होतो, भाऊ. मरू दे ती पेन्शन, म्हटलं.” ते थांबले. “पण मी तोंड उघडलंच कुठं...?”

तिथं आजवर राडारोडा पडलेला नाही. त्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. ‘समक्ष हजर इसम’ या रकान्यात साहेबांनी आधी ‘तीन’ लिहिलंय. ते खोडून, त्यांच्याच अक्षरात, ‘एकशे नऊ’.